वायरलेस बर्गलर अलार्म : इंदूरमधल्या दुमजली घरासाठी कोणता घ्यावा?

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी. सुदामा नगरात वीस बाय पन्नासच्या प्लॉटवर दुमजली घर आहे, त्याला वायरलेस अलार्म बसवायचा आहे. पुढे लोखंडी चॅनल गेट, आत सागवानी दार (दोन फळ्यांचं). मागे स्वयंपाकघरातून बोळात उघडणारं दार. जिन्याच्या माथ्यावर गच्चीचं पत्र्याचं दार. मधोमध ओटीएस (उजेड-हवेसाठी वर उघडा ठेवलेला चौक), वर लोखंडी जाळी. दोन्ही शेजाऱ्यांच्या गच्च्या आमच्या गच्चीला लागून. मार्च ते जून खालच्या खोलीच्या खिडकीत कूलर असतो. घरात आई-बाबा, दोघंही सत्तरी ओलांडलेले. दिवाळीत आणि मे महिन्यात दहा-पंधरा दिवस घराला कुलूप असतं. इन्व्हर्टर आहे, फायबरचं वायफाय आहे.

महाराणी रोडवर दोन प्रकारची किट पाहिली. एकात ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारे आठ सेन्सर, सिमकार्डवर चालणारं पॅनेल, दोन रिमोट. दुसरं जवळजवळ चौपट किमतीचं, त्यात सेन्सर फक्त चार. दुकानदाराचं म्हणणं, काम दोन्हींचं एकच, जास्तीचे पैसे नावाचे. असंच आहे का?

सोल्डरगन
असं नाही. एका प्रश्नावर दोन्ही किट वेगळी पडतात: सेन्सर बंद पडला तर पॅनेलला ते कळतं का?

स्वस्त किटमधला सेन्सर फक्त बोलतो, त्याला ऐकू येत नाही. दार उघडलं की तो आपला क्रमांक काही वेळा हवेत सोडतो आणि झोपी जातो. तो पॅनेलपर्यंत पोहोचला का, हे त्याला माहीत नसतं. दार उघडलं नाही तर तो महिनोन्महिने गप्प. आता समजा गच्चीच्या दारावरच्या सेन्सरची बॅटरी संपली, किंवा टेप सुटून तो खाली पडला आणि फुटला. पॅनेलच्या लेखी काहीच घडलेलं नाही. गप्प बसलेला सेन्सर आणि मेलेला सेन्सर त्याला सारखेच. तुम्ही मे महिन्यात अलार्म लावून गावाला जाल, रिमोटवर हिरवा दिवा लागेल आणि गच्चीचं दार उघडं पडलेलं असेल.

महागड्या किटमधला सेन्सर ठरावीक वेळाने हबला, म्हणजे त्या किटच्या पॅनेलला, हजेरी देतो: मी आहे, दार बंद आहे, बॅटरी इतकी आहे. काही हजेऱ्या ओळीने चुकल्या की हब तुम्हाला सांगतं, अमुक सेन्सरचा संपर्क तुटला. धंद्यात याला सुपरव्हिजन म्हणतात. सेन्सरची संख्या, सायरनचा आवाज, ॲपचा देखणेपणा हे सगळं यानंतर.

खोक्यावरच्या मजकुरावर विसंबू नका, दुकानातच करून बघा. सेन्सर जोडून घ्या, दोन पदर ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, झाकण लावा आणि थांबा. हजेरीची वेळ सेटिंगमध्ये बदलता येत असेल तर कमीत कमी करा, म्हणजे दुकानात ताटकळावं लागणार नाही. ॲपवर संपर्क तुटल्याची सूचना आली तर हजेरी खरी. अर्ध्या तासाने डबा उघडला आणि ॲप अजूनही 'सर्व ठीक' म्हणत असेल तर ते किट तिथेच ठेवा.

एक पथ्य. सेन्सर उघडून बॅटरी काढून ही परीक्षा घेऊ नका. झाकण उघडताक्षणी टॅम्परचा, म्हणजे छेडछाडीचा, निरोप जातो, आणि तो स्वस्त सेन्सरमध्येही असू शकतो. दुकानदार तोच दाखवून म्हणेल, बघा, कळलं ना. टॅम्पर वेगळं, हजेरी वेगळी.

तिसरा_मजला
सोल्डरगन, म्हणणं पटतं, पण ४३३ चं किट सरसकट बाद करू नका. तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, आत यायला एकच दार, खिडक्यांना ग्रिल, घरात रोज माणसं. तिथे दार दिवसातून दहा वेळा उघडतं, म्हणजे सेन्सरची तपासणी आपोआप होतेच. पॅनेल 'डिंगडाँग' मोडवर ठेवलं की दार उघडल्यावर टिकटिक होते. ती थांबली की बॅटरी गेली, हे त्याच दिवशी कळतं. अशा ठिकाणी चौपट पैसे कशाला?

सोल्डरगन
मान्य. एक दार आणि रोजचा वापर असेल तर ते किट चालेल. मूळ धाग्यातल्या घरात मात्र गच्चीचं आणि बोळातलं अशी दोन दारं क्वचित उघडतात, आणि धोका त्यांनाच जास्त आहे.

४३३ घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. सेन्सर उघडून आतल्या चिपवर ईव्ही१५२७ किंवा पीटी२२६२ लिहिलंय का बघा. हे ठरीव कोड आहेत. रिमोटचं बटण दर वेळी तोच संदेश पाठवतं, त्यामुळे गेटचे रिमोट कॉपी करून देणारा कुणीही अलार्मचा रिमोटही कॉपी करू शकतो. पीटी२२६२ मध्ये पत्ता आठ पिनांवर सोल्डरने ठरतो, एकूण ६,५६१ शक्यता. ईव्ही१५२७ मध्ये २० बिटांचा क्रमांक, म्हणजे १०,४८,५७६. पण संदेश हवेतून जसाच्या तसा उचलता येत असेल तर शक्यता किती आहेत याला अर्थ उरत नाही. रोलिंग कोड असेल तर दर दाबणीला संदेश बदलतो. निदान रिमोट तरी रोलिंग कोडचा हवा, कारण अलार्म बंद करायची किल्ली तीच.

सुदामानगरकर
डब्याची युक्ती उद्याच करून बघतो. मावसभाऊ अमेरिकेतून येणार आहे, तिकडून किट मागवलं तर?

सिम_स्लॉट
मागवू नका. आपल्याकडे अशा कमी ताकदीच्या उपकरणांना ४३३.०५ ते ४३४.७९ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवान्याशिवाय मोकळे आहेत. अमेरिकेतले अलार्म सेन्सर बहुतेक ३१९, ३४५ किंवा ९०० च्या पुढच्या पट्ट्यांत चालतात. युरोपातले ८६८ च्या वर. इथे ते वापरणं नियमात बसत नाही, शिवाय त्या पट्ट्यात दुसऱ्या कुणाची सेवा चालू असेल तर सेन्सरचे निरोप हरवतील. अमेरिकेचा ॲडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर लावताक्षणी जळेल. भारतात विकायला आलेल्या मॉडेलला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यातली रेडिओ लहरींची शाखा) ईटीए मान्यता असते, दुकानदाराकडून तिचा क्रमांक मागून घ्या.

गच्चीवरून
सुदामानगरकर दादा, किट ठरवायच्या आधी घराभोवती एक फेरी मारा आणि चोर कुठून येईल ते चोराच्या नजरेने बघा. आपल्याकडे ओळीने लागलेल्या घरांत पुढच्या दारापेक्षा गच्ची सोपी. एका गच्चीवर चढला की चार घरं पायाखाली. म्हणून पहिला सेन्सर गच्चीच्या दाराला. दुसरा बोळातल्या दाराला. तिसरा पुढच्या सागवानी दाराला. चौथा पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून माणूस ओळखणारा सेन्सर), जिन्याच्या खालच्या वळणावर, कारण गच्चीतून येवो की ओटीएसमधून, त्याला जिन्यावरून जावंच लागतं. या चारांनी घराचा मोठा भाग झाकला जातो. आठ सेन्सरच्या मोहात पडू नका.

सागवानी दार दोन फळ्यांचं आहे म्हणताय. मग सेन्सरही दोन, प्रत्येक फळीला एक. एकाच फळीला लावला आणि चोराने दुसरी काढली, तर काहीच वाजणार नाही. दिवसा नेहमी एकच फळी उघडत असाल तरी दुसरीची कडी आतून निखळू शकते.

लोहचुंबक फळीवर, सेन्सरची डबी चौकटीवर, दोन्ही वरच्या कोपऱ्यात आणि बिजागरीच्या उलट बाजूला. बिजागरीकडे लावलं तर दार वीतभर उघडलं तरी चुंबक जागचा फारसा हलत नाही. लाकडी दारावर फट ५ ते ८ मिलिमीटर ठेवा. माहितीपत्रकात १५-२० लिहिलेलं असतं, पण पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि बिजागरी झिजून फळी खाली बसते. थोडी जागा हातची राखलेली बरी.

सोल्डरगन
गच्चीवरून ताईंच्या यादीत भर. गच्चीचं दार पत्र्याचं आहे, तिथे साधा सेन्सर थेट चिकटवलात तर दोन गोष्टी बिघडतात. लोखंड चुंबकाचं बळ आपल्याकडे खेचून घेतं, आणि १५ मिलिमीटरची पोच निम्म्यावर येते. दार बंद असूनही 'उघडं' असा निरोप येत राहतो. दुसरं, डबीतली अँटिना लोखंडाला टेकली की तिची पोच घटते. चुंबकाखाली ६ ते १० मिलिमीटरचा लाकडी किंवा ॲक्रिलिकचा तुकडा घाला, आणि डबी लोखंडी चौकटीऐवजी बाजूच्या विटांच्या भिंतीवर बसवा.

चॅनल गेटला साधा सेन्सर चालतच नाही. गेट वाऱ्याने, धक्क्याने दोन-तीन सेंटिमीटर सहज हलतं. त्याला शटरसाठीचा जड धातूचा चुंबक-स्विच लागतो, फट ४०-५० मिलिमीटरपर्यंत चालते, वायर लवचीक धातूच्या नळीतून येते. बऱ्याच चांगल्या वायरलेस सेन्सरच्या आत बाहेरचा स्विच जोडायला दोन स्क्रूंची पट्टी असते. शटरच्या स्विचची वायर त्यात जोडा आणि ट्रान्समीटरची डबी दाराच्या आतल्या बाजूला ठेवा. ती पट्टी तुमच्या मॉडेलमध्ये आहे का, हे विकत घेण्याआधी झाकण उघडून बघा. नसेल तर चॅनल गेट सोडून द्या, आतलं सागवानी दार पुरेसं आहे.

कूलर_सीझन
पीआयआरबद्दल सविस्तर लिहितो, कारण इंदूरच्या मे महिन्यात सर्वात जास्त फसगत त्याचीच होते.

पीआयआर हालचाल पाहत नाही, उष्णतेतला फरक पाहतो. आत दोन संवेदी पट्ट्या असतात, पुढे प्लास्टिकची खाचांची भिंग-पट्टी. अंगाची उष्णता एका पट्टीवरून दुसरीवर सरकली की तो जागा होतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला तर लगेच पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत आला तर उशिरा. म्हणून कोपऱ्यात असा बसवा की जिन्यावरून उतरणारा त्याच्या नजरेला आडवा छेद देईल. उंची २.१ ते २.४ मीटर. दोन, अंगाच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ३२ ते ३५ अंश. बंद घरात, वर तापलेला स्लॅब असलेल्या खोलीत मे महिन्यात रात्रीही हवेचं तापमान त्याच्याच आसपास असतं. मग माणूस आणि भिंत यांत त्याला फरकच दिसत नाही. चांगल्या पीआयआरमध्ये तापमानानुसार संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते, माहितीपत्रकात 'टेंपरेचर कॉम्पेन्सेशन' शोधा. तरीसुद्धा वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, पीआयआरच्या भरवशावर राहू नका. तिथे दारा-खिडक्यांचे चुंबक-सेन्सरच. पीआयआर तळमजल्यावर, जिथे खोली त्यामानाने थंड राहते.

कूलरसमोर पीआयआर नको. थंड ओल्या हवेचा झोत आणि त्याने फडफडणारा पडदा, दोन्हींनी खोटा अलार्म होतो. खिडकीकडे तोंड करूनही लावू नका, सकाळचं ऊन फरशीवर सरकतं तेही त्याला जागं करतं. काचेपलीकडचं मात्र त्याला दिसत नाही, काच ही उष्णता अडवते. त्यामुळे खिडकीच्या आतून अंगणावर नजर ठेवायचा बेत असेल तर तो सोडा.

आणि पाल. ट्यूबलाइटजवळ पीआयआर लावला की किडे दिव्याकडे येतात, किड्यांमागे पाल, आणि पाल थेट भिंगावर. दहा सेंटिमीटरवरची पाल त्याला माणसाएवढी मोठी दिसते. दिव्यापासून लांबचा कोपरा निवडा. मागच्या बाजूला वायरसाठी ठेवलेली भोकं सिलिकॉनने बुजवा, नाहीतर मुंग्या आत घर करतात. ब्रॅकेटभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढली तरी बराच फरक पडतो. भिंगावर कीटकनाशक फवारू नका, प्लास्टिक धुरकट होतं. कोरड्या मऊ फडक्याने पुसा.

सुदामानगरकर
कूलरच्या खिडकीचं काय करायचं मग? चार महिने ती फळी उघडीच असते.

कूलर_सीझन
खिडकीला आतून पक्कं ग्रिल असेल तर काहीच नको, कूलर सरकवला तरी आत येता येत नाही. ग्रिल नसेल तर सेन्सर खिडकीच्या लाकडी चौकटीवर आणि चुंबक कूलरच्या अंगावर. प्लास्टिक बॉडी असेल तर थेट, पत्र्याची असेल तर वर सांगितल्याप्रमाणे मध्ये तुकडा घालून. कूलर चालू असताना थरथरतो, म्हणून फट अगदी कमी ठेवा आणि चालू पंख्यावर पंधरा मिनिटं ॲपमध्ये बघत राहा. थरथर ओळखणारा व्हायब्रेशन सेन्सर इथे चालणार नाही, मोटर सुरू झाली की तो बोंब मारेल.

ओटीएसच्या जाळीवरही पीआयआर नको, कबुतरं बसतात. ओटीएसमध्ये उघडणाऱ्या खिडक्या-दारांना आतून सेन्सर लावा. जाळीचे कोपरे नुसत्या बोल्टने बसवले असतील तर ते वेल्ड करून घ्या. ते काम कुठल्याही सेन्सरपेक्षा मोलाचं.

सिम_स्लॉट
आता निरोप तुमच्यापर्यंत कसा पोहोचतो ते. वायफाय आणि सिम दोन्ही असलेलं हबच घ्या. नुसत्या वायफायवर राहू नका. घरात लाइट गेली तर इन्व्हर्टर राउटर चालवेल, पण फायबरची पेटी गल्लीतल्या खांबावर असते, तिची बॅटरी उतरली की नेट गेलं. बहुतेक हबना २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय लागतं. राउटरने २.४ आणि ५ एकाच नावाखाली ठेवले असतील तर जोडणी अडकते, तेवढ्यापुरती दोन्हींना वेगळी नावं द्या.

सिमची गोची इथे नीट समजून घ्या. स्वस्त पॅनेल २जी वर चालतात. जिओचं २जी नाहीच, त्यामुळे जिओचं सिम त्यात मृतवत. अशा पॅनेलला एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल, ज्याचा सिग्नल त्या खोलीत चांगला ते. पॅनेलवर ४जी लिहिलेलं असलं तरी एक प्रश्न उरतो: व्होल्टी कॉल, म्हणजे ४जी वरूनच कॉल, होतो का? काही ४जी मॉड्यूल डेटा ४जी वर घेतात आणि कॉलसाठी २जी वर उतरतात. त्यात जिओ टाकलं की ॲपवर सूचना येते पण फोन वाजत नाही. रात्री अडीच वाजता सूचनेने कुणी उठत नाही, फोनच्या रिंगने उठतो.

सिम टाकण्याची रीत: आधी साध्या फोनमध्ये घाला, सिमचा पिन बंद करा, कॉल फॉरवर्डिंग काढा, एक कॉल आणि एक एसएमएस करून बघा, मगच पॅनेलमध्ये. पॅनेलचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये 'घराचा अलार्म' नावाने सेव्ह करा आणि 'डू नॉट डिस्टर्ब' मध्ये त्याला सूट द्या. रिचार्जची मुदत कॅलेंडरवर लिहा. मुदत संपली की आउटगोइंग बंद होतं आणि पॅनेल ते तुम्हाला कळवूही शकत नाही, कारण कळवायचा मार्ग तोच. स्वयंचलित चाचणी-एसएमएसची सोय असेल तर आठवड्याला एक लावून ठेवा. तो आला नाही, हीच सूचना.

तिसरा_मजला
पॅनेलमध्ये १०० किंवा ११२ टाकून ठेवायचा सल्लाही दुकानात मिळतो. ते करायचं का?

सिम_स्लॉट
नाही. पालीने वाजलेल्या अलार्मसाठी आपत्कालीन क्रमांकावर यंत्राचा रेकॉर्ड केलेला निरोप जाणं चूक आहे. खरोखर अडचणीत असलेल्या कुणाचा तरी कॉल त्यात अडतो. पहिला नंबर तुमचा, दुसरा घराची चावी नसलेल्या पण खिडकीतून तुमचं घर दिसणाऱ्या शेजाऱ्याचा, तिसरा शहरातल्याच नातेवाइकाचा. खात्री झाली की माणसाने ११२ लावायचा. शेजाऱ्यांना आधीच सांगा: बाहेरून बघा, दार तुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका, फोन करा.

सोल्डरगन
हब कुठे ठेवायचं, यात बरेच जण चुकतात. दुकानदार दाराजवळच्या सॉकेटवर लावून देतो, कारण तिथे वायर टाकायला सोपं. पण पुढच्या दाराला वीस-तीस सेकंदांचा एंट्री डिले असतो, घरातल्या माणसाला कोड दाबायला. तेवढ्यात चोर दार फोडतो, समोर लुकलुकणारं हब दिसतं, एका फटक्यात ते फोडतो. सायरन नाही, कॉल नाही. म्हणून दाराशी फक्त कीपॅड. हब आतल्या खोलीत, उंचावर, नजरेआड. मात्र लोखंडी कपाटामागे नको, मीटरच्या पेटीत नको, राउटरला चिकटून नको, निदान एक मीटर अंतर. तुमच्या घरात तळमजला आणि पहिला मजला यांच्या मध्ये जिन्याजवळची जागा सर्वात बरी, कारण गच्चीच्या सेन्सरला दोन स्लॅब पार करावे लागणार नाहीत. बसवण्याआधी प्रत्येक सेन्सर जागेवर हातात धरून ॲपमध्ये सिग्नल बघा. दोन-तीन दांड्या हव्यातच. एकच दांडी असेल तर पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्यावर तीही जाते.

डिले फक्त पुढच्या दाराला. गच्ची आणि बोळ यांना शून्य सेकंद. तिथून घरचा माणूस अलार्म लावलेला असताना येतच नाही.

हबमधली बॅटरी किती तास चालते ते विचारा. युरोपीय मानक ईएन ५०१३१ मध्ये घरासाठी पुरेशा समजल्या जाणाऱ्या ग्रेड २ ला वीज गेल्यावर किमान १२ तास लागतात. हब इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा, पण 'वीज गेली' ही सूचना पंधरा मिनिटांच्या विलंबाने ठेवा, नाहीतर दर ट्रिपिंगला फोन वाजेल आणि मग तुम्ही सूचना बघणंच सोडाल.

ओटला
आई-बाबा सत्तरीचे आहेत म्हणून लिहिते. रात्री 'होम' मोड लावायचा, म्हणजे दारांचे सेन्सर जागे आणि पीआयआर झोपलेला. नाहीतर आई पहाटे पाणी प्यायला उठली की घर डोक्यावर. रिमोटची चार बटणं सारखी दिसतात, 'बंद' च्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या. एसओएसचं बटण तीन सेकंद दाबल्यावरच चालेल असं सेटिंग करा, खिशात दाबलं जातं. एक एसओएस बटण पलंगाच्या उशाशी आणि एक न्हाणीघरात, जमिनीपासून हातभर उंचीवर. पडलेल्या माणसाचा हात तिथेच पोहोचतो. न्हाणीघरातलं बटण पाण्याचे शिंतोडे सोसणारं हवं.

आणि दोघांकडून आठवडाभर रोज लावून-बंद करून घ्या. पहिल्या दोन दिवसांत सायरन दोन-तीनदा चुकून वाजेल, म्हणून त्या आठवड्यात सायरनचा आवाज कमी ठेवा. घाबरले की पुन्हा हात लावणार नाहीत.

कूलर_सीझन
सायरनचा हिशेब. खोक्यावर ११० डेसिबल लिहिलेलं असतं ते एक मीटरवरचं. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात, म्हणजे दहा मीटरवर ९०, वीसवर ८४. त्यात भिंत, बंद खिडकी, आणि मे महिन्यात शेजाऱ्याच्या उशाशी घरघरणारा कूलर. घरातला सायरन चोराला पळवायला, बाहेरचा शेजाऱ्याला उठवायला. दोन्ही हवेत. बाहेरचा आयपी६५ चा (धूळ-पाणी सोसणारा), पुढच्या छज्ज्याखाली तीन मीटरवर, पश्चिमेचं ऊन थेट लागणार नाही असा. वाजण्याची मुदत तीन ते पाच मिनिटं. घर बंद असताना तासभर वाजणारा सायरन दुसऱ्या खेपेला कुणी ऐकून घेत नाही.

सुदामानगरकर
डबा-परीक्षा झाली. स्वस्त किट चाळीस मिनिटांनंतरही 'नॉर्मल' दाखवत होतं. दुसऱ्याने सहा मिनिटांत संपर्क तुटल्याचं सांगितलं. दुसरं घेतोय. त्याच्या सेन्सरमध्ये सीआर१२३ए बॅटरी आहे, दुकानदार म्हणाला चार्ज होणारी टाका, पुन्हा पुन्हा खर्च नको. टाकू का?

सोल्डरगन
मुळीच नाही. सीआर१२३ए ३ व्होल्टची. त्याच मापाची चार्ज होणारी १६३४० ही लिथियम-आयन ३.७ ची, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट. बसते अगदी चपखल, पण आतली चिप जाऊ शकते. शिवाय ती पडल्या पडल्या उतरते, आणि हबला बॅटरीची टक्केवारी चुकीची दिसते. फेकायचीच घ्या, नावाजलेल्या कंपनीची, वेष्टनावरची तारीख बघून. बसवल्याचा महिना-वर्ष डबीच्या आत मार्करने लिहा. एका सेन्सरने 'लो' सांगितलं की त्याच दिवशी बसवलेल्या सगळ्यांच्या बदला, बाकीच्या फार मागे नसतात. दिवाळीची आवराआवर हा त्याचा मुहूर्त ठेवा.

सुदामानगरकर
शेवटचं. बसवणारा मुलगा म्हणतो स्क्रू नको, टेपने काम होतं. भिंती डिस्टेंपरच्या आहेत.

गच्चीवरून
टेप डिस्टेंपरला धरते, डिस्टेंपर भिंतीला धरत नाही. पापुद्र्यासकट खाली येतो. पीआयआर, सायरन, हब आणि भिंतीवरच्या सगळ्या डब्या ६ मिलिमीटरचं भोक, रावळप्लग आणि स्क्रू. टेप फक्त सागवानाच्या पॉलिशवर, तेही स्पिरिटने पुसून, अर्धा मिनिट दाबून, आणि चोवीस तास दार हळू लावून. गच्चीच्या दाराला टेप अजिबात नको. पत्रा उन्हात इतका तापतो की टेपचा गोंद पातळ होऊन चुंबक हळूहळू खाली ओघळतो. तिथे चुंबक आणि खालचा तुकडा दोन्ही आरपार स्क्रूने, आतल्या बाजूला नट घालून.

सगळं बसलं की त्या मुलाला जाऊ देण्याआधी त्याच्यासमोर एकेक दार उघडा, जिन्यावरून चालून बघा, हबचा प्लग काढा, राउटर बंद करा, आणि दर वेळी तुमचा फोन वाजतो का ते पाहा. मग पैसे द्या.